एक निवृत्त क्रीडाशिक्षिका

लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात, न्यायनिवाड्यांच्या जाडजूड खंडांच्या मागे एक चिंचोळी खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे लेखबाई म्हणत. प्राध्यापकांनी लेख लिहायचे आणि बाईंनी ते जगात पाठवायचे, असा तो कारभार होता. कुठलं जर्नल कसले लेख घेतं, कुणाला तळटीपा कशा लागतात, कुणाचा संपादक सहा महिने उत्तर देत नाही, हे सगळं त्या सांभाळत. करारांचा कायदा शिकवणारे सर दारातूनच ओरडायचे, "काय लेखबाई, आमच्या लेकीला कुठलं स्थळ पाहिलंत?" आणि लेख नाकारला जाऊन परत आला की तेच सर तोंड पाडून म्हणायचे, "परत आली का माहेरी?" लेखबाई हसायच्या, तळटीपा बदलायच्या आणि दुसरं स्थळ शोधायच्या.

नवे प्राचार्य आले तसं काम वाढलं. त्यांचं म्हणणं, लेख छापून आला म्हणजे काम संपलं असं नाही, तो वाचला गेला पाहिजे. कॉलेजचं नाव व्हायला पाहिजे. म्हणून प्रत्येक लेखासाठी सोप्या भाषेत एक पानाचं टिपण लिहायचं, ते कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचं, वर्तमानपत्रांना आणि माजी विद्यार्थ्यांना पाठवायचं, असं ठरलं. टिपण अर्थातच लेखबाईंनी लिहायचं. त्यांनी ते आनंदाने केलं. पण ती टिपणं वाचायचं कोण? दहाबारा जण. त्यातही एक लेखक स्वतः, एक लेखकाची बायको.

कुटुंब कायदा शिकवणाऱ्या मॅडमचा लेख आला तेव्हा लेखबाईंना मनापासून वाटलं की हा तरी लोकांपर्यंत जायला हवा. म्हातारे आईबाप आपलं घर बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर करतात आणि मग त्याच घरात उपरे होतात, त्यांना कायदा काय देतो, असा तो विषय. मॅडमनी त्यावर दोन वर्षं घालवली होती. लेख चांगल्या जर्नलमध्ये आला आणि विहिरीत दगड पडावा तसा गडप झाला. मॅडम तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा सहज येऊन म्हणाल्या, "माझ्या आईनंसुद्धा दुसरं पान उलटलं नाही हो. म्हणाली, छान आहे, पण कुणाची गोष्ट आहे ही?"

त्या दुपारी लेखबाई टिपण लिहायला बसल्या. पहिला मसुदा त्यांचा त्यांनाच कोरडा वाटला. 'पालकांचे हक्क', 'देखभालीची अट', 'न्यायालयांची भूमिका'. कुणाची गोष्ट आहे ही? मॅडमच्या आईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि मग त्यांना ताई आठवली. खरं तर आठवली असंही नाही, ती डोक्यात होतीच.

ताई म्हणजे लेखबाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीची वेणीही तिनेच घातली आणि कानफटातही तिनेच दिली. शाळेत खेळ शिकवायची. तिच्या हाताखाली पळालेल्या मुली पुढे मोठमोठ्या स्पर्धांना गेल्या. निवृत्त झाली तरी रोज सकाळी मैदानावर हजर. तिथे तिचा आवाज असा होता की पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेही आपसूक नीट चालवायचे. नवरा गेल्यावर तिने घर मुलाच्या नावावर केलं. "उद्या करायचं ते आज," असं म्हणून. त्यानंतर काही महिन्यांनी एक दिवस ती लेखबाईंकडे जेवायला आली, दोनदा भात मागून घेतला, आणि ताट बाजूला सारून, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तशा आवाजात म्हणाली की सून स्वयंपाकघराला कुलूप लावते. दोन वेळचं ताट वाढून खोलीत आणून देते, पण आपल्या हाताने चहा करून घ्यायची सोय नाही. सकाळचा चहा मैदानाबाहेरच्या टपरीवर. मुलाला माहीत आहे. तो बघत नाही, एवढंच.

"तू काही बोलली नाहीस?" लेखबाईंनी विचारलं होतं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ताई म्हणाली. "तुला सांगितलं, झालं. आता बंद कर विषय."

तो विषय लेखबाईंनी त्या दुपारी उघडला. 'एका शहरातील एक निवृत्त क्रीडाशिक्षिका' अशी सुरुवात केली आणि पुढची वाक्यं अशी आली की बोटं थांबेनात. नाव घातलं नाही. त्यांना वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. पण कुलूप घातलं. टपरीवरचा चहा घातला. पळणाऱ्या मुली घातल्या, एक गुडघा दुखत असूनही मैदानावर उभं राहणं घातलं, कारण त्यानेच चित्र उभं राहत होतं. लिहून झाल्यावर एक क्षण हात आखडला. मग मनाने समजूत घातली, वाचतंय कोण, दहाबारा जण.

मॅडमनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "उदाहरण फार सुरेख घेतलंत. कुठलं हो?"

"ऐकीव आहे," लेखबाई म्हणाल्या.

मॅडमनी पुढे विचारलं नाही.

टिपण गेलं, आणि या वेळी ते दहाबारा जणांपाशी थांबलं नाही. आधी एका वर्तमानपत्राने छापलं, 'आईला कुलूप' असा मथळा देऊन. मग ते फोनाफोनांतून फिरायला लागलं. कुणी त्यावर रडवेलं संगीत लावून ते वाचून दाखवलं. कॉलेजच्या वेबसाइटवर लोकांच्या उड्या पडल्या, आणि मुख्य म्हणजे मॅडमचा मूळ लेख, तो जड, तळटीपांनी भरलेला लेख, हजारोंनी उतरवून घेतला. वकिलांचे फोन आले. दुसऱ्या विद्यापीठाने मॅडमना भाषणाला बोलावलं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि लेखबाईंच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. करारवाले सर म्हणाले, "बाई, आता आमच्या लेकीचंही असंच थाटात करून द्या." सगळे हसले. लेखबाईही हसल्या. हे पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. त्या दिवशी त्यांना बरं वाटलं होतं. नुसतं बरं नाही, छाती फुगली होती.

घरी जाताना मात्र गुच्छ जड व्हायला लागला. ताईने वाचलं असेल का? ताईला फोनवर वाचायची आवड नाही, वर्तमानपत्रात ती खेळाचं पान बघते. नसेल वाचलं. तरी रविवारी आपण जाऊन यावं, अंदाज घ्यावा, असं त्यांनी ठरवलं. अंदाज घ्यावा हाच शब्द त्यांच्या मनात होता. सांगून टाकावं, हा नव्हता.

रविवारी त्या ताईच्या घरी बसल्या होत्या. ताई मजेत होती, एका मुलीने धावण्यात कशी बाजी मारली ते हातवारे करून सांगत होती. भाचा सोफ्यावर फोन बघत होता. ताईला काही माहीत नाही हे पाहून लेखबाईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सुनेने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

दारात गणवेशातली पोलीस शिपाई उभी. समोरच्या घराच्या खिडकीचा पडदा लगेच हलला. जिन्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल घालता घालता थांबले.

"बाई आहेत का?" शिपाई म्हणाली, आणि ताईला पाहून वाकून पाया पडली. ताईची जुनी विद्यार्थिनी होती ती, शंभर मीटर पळणारी. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"अगं तू!" ताई म्हणाली. "ड्युटी सोडून इकडे कुठे? आणि हे काय?"

"डबा आहे बाई. आम्ही सगळ्या जुन्या मुलींनी दिवस वाटून घेतलेत. आजपासून रोज येईल. तुम्ही काही म्हणायचं नाही."

"कसला डबा? मला काय झालंय?"

शिपाईने सुनेकडे पाहिलं. पोलिसांची एक नजर असते, त्या नजरेने. "आम्ही वाचलं बाई सगळं."

"काय वाचलं?"

शिपाईने फोन काढून पुढे धरला. ताईने चष्मा लावला आणि दारात उभ्याउभ्याच वाचायला लागली. ती सावकाश वाचायची, ओठ हलवत. लेखबाई ताईच्या ओठांकडे बघत होत्या आणि त्यांना कळत होतं, आता टपरी आली, आता गुडघा आला, आता कुलूप. जमीन दुभंगावी असं माणसं का म्हणतात ते त्यांना तेव्हा कळलं. शेवटी कॉलेजचं नाव होतं. ताईची नजर तिथे थांबली. मग तिने चष्मा काढला आणि धाकट्या बहिणीकडे पाहिलं. रागाने नाही. ओळख पटवून घ्यावी तसं.

"ही बाई मी नव्हे," ती शिपाईला म्हणाली.

"पण बाई, तो गुडघा..."

"गुडघे सगळ्यांनाच असतात. क्रीडाशिक्षिका काय जगात मी एकटीच आहे? माझा मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही." मग तिने मान वळवली. "सूनबाई, हिला चहा टाक. इतक्या लांबून आली पोर."

सून जागची हलली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फोनमध्ये बघत होता, पण फोन कधीच काळा झाला होता. शेवटी सून कपाटापाशी गेली, वरच्या फळीवरून किल्ली काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराचं कुलूप काढलं. फार मोठा आवाज झाला नाही. पण त्या खोलीत तो सगळ्यांनी ऐकला. शिपाईने मान खाली घातली. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली, जणू कुणाची शर्यत मोजत होती.

चहा आला. शिपाईने तो चटका बसेल इतक्या घाईने संपवला आणि डबा तसाच हातात घेऊन गेली.

लेखबाई निघाल्या तेव्हा ताई फाटकापर्यंत आली. लेखबाईंना वाटलं, आता ओरडेल. मैदानावरच्या आवाजात ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती जणांनी वाचलं असेल?" ताईने विचारलं.

"पुष्कळ."

"तुझ्याकडे आकडा असेल ना. तुझं कामच आहे ते."

लेखबाईंनी आकडा सांगितला. ताईने नुसती मान हलवली.

"झाकली मूठ होती गं माझी," ती म्हणाली. "आत काही नव्हतं, पण झाकलेली होती."

"ताई, तुझ्यासारख्या किती जणींना उपयोग होईल म्हणून... तुझंही भलं व्हावं म्हणूनच..."

"माझं भलं? मग आधी मला वाचून का नाही दाखवलंस?"

याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं. वाचून दाखवलं असतं तर ताई नाही म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी लेखबाई मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या. मॅडम भाषणाची तयारी करत होत्या. लेखबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. ती शिक्षिका आपली सख्खी बहीण आहे. तिने विश्वासाने सांगितलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

"तुम्ही ऐकीव म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या.

"ऐकलंच होतं. माझ्याच घरी, जेवताना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मीही पुढे विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "उदाहरण आवडलं ना मला. विचारलं असतं तर कदाचित काढावं लागलं असतं." मग उठल्या. "चला, प्राचार्यांकडे."

प्राचार्यांना काही पटेना. "नाव कुठे आहे त्यात? आणि आता कुठे आपल्या कॉलेजकडे लोक बघायला लागलेत. काढून टाकलं तर उलट चर्चा होईल." ते लेखबाईंकडे वळले. "तुम्ही उगीच मनाला लावून घेताय. बहिणीबहिणींचं होतं असं."

"लेख माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "टिपणावर माझं नाव आहे. ते आजच्या आज काढा. आणि भाषणाला मी जाणार नाही."

टिपण वेबसाइटवरून निघालं. पण सुटलेला बाण भात्यात परत येतो थोडाच? लेखबाईंनी वर्तमानपत्राला लिहिलं, ज्यांनी ज्यांनी ते फिरवलं होतं त्यांना लिहिलं, विनवण्या केल्या. काहींनी काढलं. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकाने कळवलं, काढतो, पण त्या शिक्षिकेचा नंबर द्या, मुलाखत घ्यायची आहे. इतकी वर्षं लेखबाईंनी लोकांनी वाचावं म्हणून पत्रं लिहिली होती. वाचू नका म्हणून लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यांना ती भाषा येत नव्हती.

ताईच्या घरातलं कुलूप गेलं. भाच्याने एक लहानसा फ्रिज आणून आईच्या खोलीत ठेवला आणि तो आणताना जिन्यातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात हमालांना सूचना दिल्या. फ्रिज दूध, फळं, लोणी यांनी गच्च भरला. मग त्याने लेखबाईंना फोन केला. "मावशी, येऊन फोटो काढून ने. हेही छाप." सून सासूशी बोलेनाशी झाली. आधी दोन वेळा ताट घेऊन यायची तेव्हा निदान 'भाजी तिखट झालीय' एवढं तरी म्हणायची. आता घरात भांड्यांचाही आवाज होत नव्हता.

हे सगळं लेखबाईंना शिपाईकडून कळलं, कारण ताई त्यांचा फोन घेत नव्हती. शिपाई एकदा ग्रंथालयात आली. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "बाई मैदानावर येत नाहीत."

"बरं नाही का?"

"बऱ्या आहेत. शेवटच्या आल्या त्या दिवशी पोरींनी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. पालकांनी पाणी पुढे केलं. एका आईने तर त्यांचा हात हातात घेऊन रडायलाच सुरुवात केली. बाई ओरडल्या तर पोरी वाईट वाटल्यासारखं तोंड करून बघायला लागल्या. कुणी जोरात पळेना. बाई मध्येच निघून गेल्या. आमचंही चुकलंच. डबा घेऊन जायला नको होतं. पण वाचल्यावर राहवलं नाही."

लेखबाईंनी मॅडमना हे सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की बक्षीसपत्र रद्द करून घेता येईल का ते आपण बघू, फुकट, गाजावाजा न करता. लेखबाईंना आशा वाटली. काही तरी देण्यासारखं हातात आलं होतं. त्याच संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. ताईने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. लेखबाईंनी उंबऱ्यावरूनच भराभर सांगून टाकलं.

ताईने ऐकून घेतलं. "म्हणजे आता मी मुलावर केस करायची. त्याच्यावरही टिपण लिहिशील?"

लेखबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ताईने पाहिलं आणि तिला त्याचा रागच आला.

"रडू नकोस. घराचं माझं मी बघेन. मला तोंड दाखवायला एकच जागा होती, ती तू घालवलीस. ती परत करून दे."

"कशी करू? सांग तू, मी काहीही करते."

"सकाळी मैदानावर ये. सगळ्यांसमोर सांग."

"काय सांगू? ती बाई तू नव्हेस म्हणून?"

"खोटं मी एकदा बोलले, तेवढं पुरे. तू काय केलंस ते सांग."

सकाळी लेखबाई गेल्या. मैदानाच्या कडेला मुली, त्यांचे आईबाप, काही जुन्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. शिपाईही होती, साध्या कपड्यांत. ताईने शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि स्वतः बाजूला, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. लेखबाईंनी आयुष्यात दुसऱ्यांसाठी खूप लिहिलं होतं, पण चार माणसांसमोर कधी बोलल्या नव्हत्या. पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही.

"मोठ्यानं," ताई म्हणाली.

"मी यांची धाकटी बहीण," लेखबाई मोठ्याने म्हणाल्या. "तुम्ही जे वाचलं ते मी लिहिलं. हिनं मला घरातली एक गोष्ट सांगितली होती, बहीण म्हणून. ती मी हिला न विचारता लिहिली. कारण त्यामुळे माझं लिखाण चांगलं होत होतं. कुठलं उदाहरण म्हणून विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. आणि ते गाजलं तेव्हा मी फुलं घेतली."

मुलींपैकी कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. एक पालक म्हणाले, "पण बाई, त्यात वाईट काय झालं? लोकांना कळलं हे बरंच झालं की."

लेखबाईंना क्षणभर मोह झाला. तो माणूस त्यांना सोडवायला आला होता, भल्या मनाने. हो म्हटलं असतं तर निम्मी लाज तिथेच गळून पडली असती.

"कळवायचं की नाही ते हिनं ठरवायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी ठरवलं. ती चोरी आहे."

मान वर करून बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. समोर बुटांच्या रांगा दिसत होत्या, तेवढ्याच बघत राहिल्या.

"झालं?" ताईचा आवाज आला. "ऐकलंत सगळ्यांनी? आता माझ्याबद्दल कुणाला कळवळा आला असेल तर त्यानं तो घरी ठेवून यायचं. आणि माझ्याकडे मान वाकडी करून जी बघेल तिला दोन चकरा जास्त. पळा!"

मुली पळाल्या. पहिली चक्कर अवघडलेली होती. दुसरीत एकीला ताईने असं काही झापलं की पलीकडच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. लेखबाई तिथे नको असलेल्या खांबासारख्या उभ्या होत्या. ताईने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणून त्या निघाल्या. शिपाई त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. धीर द्यावा म्हणून असेल, पण ती म्हणाली, "बाई आम्हाला नेहमी तुमच्याबद्दल सांगायच्या. आमची धाकटी फार हुशार, कायद्याच्या कॉलेजात आहे, मोठमोठे प्रोफेसर तिला विचारून लिहितात."

ते ऐकून लेखबाई रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. शिपाईला वाटलं चक्कर आली. ती पाणी आणायला पळाली.

पुढे दिवस सरळ चालले. कॉलेजात लोक ती गोष्ट विसरले. प्राचार्य एकदा म्हणाले, "तसं जिवंत उदाहरण एखाद्या लेखाला परत घाला ना." लेखबाई नाही म्हणाल्या, आणि प्राचार्यांनी तो त्यांचा आळशीपणा मानला. टिपणं पुन्हा दहाबारा जण वाचू लागले. तरी सकाळी संगणक सुरू केला की लेखबाई सवयीने आधी आकडेच बघत आणि बघितल्यावर त्यांना स्वतःचाच वीट येई. ताईला त्या फोन करत. ताई आता उचलायची. हवा, पाणी, भाव, कुणाची तब्येत, एवढं बोलायची आणि ठेवायची. घरात काय चाललंय हे ती सांगत नसे. विचारण्याचा अधिकार आपण घालवला हे लेखबाईंना कळत होतं, म्हणून त्या विचारत नसत.

मग एका दुपारी त्या करारवाल्या सरांच्या लेखाची छापील प्रत द्यायला वरच्या मजल्यावर गेल्या. मॅडमच्या केबिनच्या दाराला काच होती. आत, मॅडमच्या समोरच्या खुर्चीत ताई बसली होती. ठेवणीतले कपडे, पाठ ताठ. मांडीवर कागदांची पिशवी. ती काहीतरी सांगत होती आणि मॅडम लिहून घेत होत्या. लेखबाईंच्या मनात एकदम उसळून आलं, ताई केस करतेय, ताईने मला का नाही सांगितलं, आत जावं, बसावं शेजारी. मॅडमनी नजर वर केली, त्यांना पाहिलं, आणि शांतपणे उठून काचेवरचा पडदा ओढून घेतला. लेखबाईंना त्यांचा राग आला नाही. मॅडमनी करायला हवं होतं तेच केलं होतं.

प्रत देऊन त्या परत येत होत्या तेव्हा ताई केबिनमधून बाहेर पडली. दोघी समोरासमोर आल्या. ताई दचकली नाही.

"खाली जायचा जिना कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. "येताना चुकले होते मी."

"चल, दाखवते."

दोघी लांबलचक बोळातून चालत गेल्या. वर्गांमधून शिकवल्याचे आवाज येत होते. लेखबाईंच्या जिभेवर प्रश्न आले. मुलाला कळवलंस का, राहणार कुठे, काय म्हणाल्या मॅडम, माझ्याकडे येतेस का राहायला. त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. जिन्यावर काही मुलं दंगा करत उतरत होती, ताईने एक नजर टाकली आणि मुलं भिंतीला चिकटून रांगेत उतरायला लागली.

फाटकापाशी ताई थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"येते," ती म्हणाली.

"ये," लेखबाई म्हणाल्या.

ताई रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. लेखबाई फाटकाच्या आतच थांबल्या. बस आली, ताई चढली, बस गेली. मग त्या जिना चढून आपल्या खोलीत आल्या. टेबलावर करारवाल्या सरांच्या दुसऱ्या लेखाच्या तळटीपा पडल्या होत्या. त्या लावायला घेतल्या, पण बराच वेळ पहिल्याच ओळीवर बोट ठेवून नुसत्या बसून राहिल्या.